वेदनेवरचा शेरा

शब्दांच्याही बदल्या होतात. परप्रांती नेमणूक झालेला कारकून जसा काही वर्षांनी तिथल्याच माणसांसारखा दिसू लागतो, तसा एका भाषेतून दुसरीत आलेला शब्दही आपला मूळचा बाणा हळूहळू विसरतो. 'वेदना' हा असाच एक शब्द आहे. त्याचे मूळ 'विद्', म्हणजे जाणणे, या धातूत. पाली ग्रंथांत वेदना म्हणजे अंगाला अथवा मनाला जाणवणारी कोणतीही गोष्ट. ती सुखद असेल, दुःखद असेल किंवा या दोहोंपैकी काहीच नसेल. चैत्रातल्या दुपारी माठातले पाणी घशाखाली उतरताना जे जाणवते, तीही त्या हिशेबाने वेदनाच. आमच्या मराठीत मात्र या शब्दाच्या वाट्याला तीनपैकी एकच खाते उरले, तेही दुःखाचे. येथे येलहंक्यास आल्यावर कानडीकडे पाहिले, तर तिथेही 'वेदने' म्हणजे यातनाच. जाणण्याचा अर्थ दोन्हीकडे गळून पडला आणि कण्हण्याचा तेवढा राहिला.

ही उणीव आपल्या भाषेने दुसऱ्या बाजूने मात्र भरपूर भरून काढली आहे. दुखण्याला मराठीत केवढी नावे आहेत! ठोके देत राहतो तो ठणका. लाटेसारखी येऊन ओसरते ती कळ. विजेसारखी लखलखून जाते ती चमक. याशिवाय सणक आहे, शूळ आहे, उसण आहे, ठुसठुस आहे, चुरचुर आहे, रग आहे, ओढ आहे आणि मुंग्या आहेत. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली दुखणे मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत त्यांनी दुखण्याची ७८ विशेषणे २० गटांत मांडली होती आणि रोग्याने त्यांतून आपले दुखणे निवडायचे होते. आमच्या आजीला अशी प्रश्नावली कोणी दिली नव्हती. पण गुडघ्यात 'ठणकते' आणि 'सणकते' यांतला भेद ती वैद्यबुवांना इतक्या नेमकेपणाने सांगे की त्यांना दुसरा प्रश्न विचारावा लागत नसे.

हा शब्दांचा घोळ घालण्याचे कारण आमच्या पाठीत आहे. तिशी ओलांडून थोडी वर्षे झाली तेव्हा कमरेच्या शेवटच्या मणक्यांमधील एक चकती आपली जागा सोडून मज्जातंतूवर रेलली असल्याचे चित्रांत दिसले. डॉक्टर सज्जन होते. शस्त्रक्रियेची घाई नाही, व्यायाम करा, सलग बसू नका, असे त्यांनी सांगितले. केंद्र सरकारच्या कारकुनाला सलग बसू नका असे सांगणे म्हणजे माशाला कोरडे राहा असे सांगण्यापैकीच होय. तरीही आम्ही व्यायाम केला, गोळ्या घेतल्या, गादी बदलली. दुखणे कमी झाले, पण गेले नाही. कमरेपासून निघून डाव्या पोटरीपर्यंत जाणारी एक तापलेली तार आत कोणी तरी ताणून ठेवली आहे, असे रात्री दोनच्या सुमारास वाटे. घरात चार वर्षांची मुलगी. ती पूर्वी दारातच हात वर करून उभी राहायची. पुढे ती आधी विचारू लागली, "बाबा, आज उचलणार का?" दुखण्यापेक्षा तो प्रश्न जड होता. आणि त्याहून जड होता तो आमचा स्वभाव. तो दिवसेंदिवस आखूड होत चालला होता. दुखते आमचे, पण त्याचा कर घरातल्या सर्वांकडून वसूल होतो, हे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा शांतपणे निदर्शनास आणून दिले. त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

बुद्धाच्या उपदेशांत बाणाचा एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. संयुत्तनिकायातील 'सल्लसुत्त' ते हेच. त्यातील आशय असा: अज्ञ मनुष्याला शरीराचे दुःख झाले की तो शोक करतो, छाती पिटतो, गोंधळून जातो. त्यामुळे त्याला दोन दुःखे होतात, एक शरीराचे व एक मनाचे. जसा एखाद्याला एक बाण लागावा आणि लगेच त्याच जागी दुसराही लागावा. ज्ञानी मनुष्यालाही पहिला बाण लागतोच. दुसरा मात्र लागत नाही. या उपदेशातला प्रामाणिकपणा आम्हांस मोठा वाटतो. पहिला बाण चुकेल असे आश्वासन त्यात कोठेही नाही. बुद्धालाही तो चुकला नाही. राजगृहास असताना दगडाची कपची लागून त्यांच्या पायाला तीव्र पीडा झाली होती आणि शेवटच्या वर्षावासात वेळुवगावी मरणप्राय दुखणे आले होते, असे ग्रंथच सांगतात. ती पीडा त्यांनी जागरूकपणे, त्रासून न जाता सहन केली, एवढीच पुढची नोंद आहे.

हे पाली वाङ्मय मराठी वाचकाच्या हाती ज्यांच्यामुळे आले, त्यांचे स्मरण येथे केले पाहिजे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ अशी मजल दरमजल करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले, तेथे पाली शिकले आणि पुढे ब्रह्मदेशातही राहिले. नंतर कलकत्ता, पुणे आणि थेट हार्वर्ड येथे त्यांनी अध्यापन व संशोधन केले. 'विसुद्धिमग्ग' या ध्यानावरील महाग्रंथाच्या संपादनात त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घातली. मायदेशापासून दूर राहून मराठीत लिहिणाऱ्या माणसाचे याहून थोर उदाहरण आम्हां परप्रांतस्थांना सापडणार नाही. शरीर व्याधींनी थकल्यावर त्यांनी सेवाग्राम येथे अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात. पण ज्या ग्रंथाची त्यांनी सेवा केली त्यातील विषय त्यांना केवळ विद्वत्तेचा वाटत नव्हता, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आता आमच्या वर्गबंधूंपैकी, म्हणजे सरकारी नोकरांपैकी, एकाची गोष्ट. रंगूनच्या महालेखापाल कचेरीत एक ब्रह्मी कारकून होते. नाव ऊ बा खिन, जन्म १८९९ चा. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारच्याच कारभाराचा एक प्रांत होता. कारकुनीतून वर चढत, १९२६ साली लेखासेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन, ते अधिकारी झाले. जानेवारी १९३७ मध्ये, म्हणजे ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून विभक्त होण्याच्या सुमारास, त्यांनी साया थेटजी नावाच्या एका गृहस्थ शेतकरी आचार्यांकडे ध्यानाचे शिक्षण घेतले. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले. हिशेबतपासणी आणि ध्यान यांत त्यांना विरोध दिसला नाही. १९५० साली त्यांनी आपल्या कचेरीतच नोकरवर्गासाठी विपश्यनेचा संघ काढला आणि १९५२ साली रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उभारले. लेखापरीक्षक आपल्या हाताखालच्या मंडळींना श्वास मोजायला बसवतो, हे चित्र आम्हांस फार आवडते. खर्च कोठे झाला हे पाहावे, पण झाल्याबद्दल आकांत करू नये, हे लेखापरीक्षकाहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

त्यांच्याकडे १९५५ साली मंडाले येथे जन्मलेला एक तरुण भारतीय व्यापारी आला. सत्यनारायण गोयंका हे त्याचे नाव. त्याला अर्धशिशीचे असह्य दुखणे होते. झटका आला की मॉर्फीनची सुई टोचून घ्यावी लागे आणि आता त्या औषधाचीच सवय जडेल की काय, ही नवी भीती उत्पन्न झाली होती. परदेशांतले नामांकित वैद्य झाले, पण गुण नव्हता. डोकेदुखी जावी म्हणून ध्यान शिकायचे आहे, असे त्याने सांगताच ऊ बा खिन यांनी त्याला घेण्याचे नाकारले. ही विद्या मनाच्या शुद्धीसाठी आहे, डोकेदुखीसाठी तिला राबवणे म्हणजे तिचे मोल कमी करणे. मन शुद्ध करण्यासाठी येत असशील तर ये, दुखणे गेले तर ते जाता जाता जाईल, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. पुढे हेच गोयंका १९६९ साली भारतात आले. मुंबईतील पहिल्या शिबिरापासून आरंभ होऊन १९७६ साली नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे 'धम्मगिरी' केंद्र सुरू झाले. २०१३ साली गोयंका निवर्तले, तोपर्यंत ही विद्या महाराष्ट्रातून जगभर पोहोचली होती.

ऊ बा खिन यांच्या त्या नकाराचा आम्ही पुष्कळ विचार केला. वरवर पाहता तो कठोर वाटतो. पण दुखणे घालवण्यासाठी दुखण्याकडे पाहू लागलो, तर ते पाहणे नव्हेच. ती पाळत झाली. 'गेले का? अजून नाही? आता?' असे दर मिनिटाला विचारणारा मनुष्य दुखण्याकडे पाहत नसून दरवाजाकडे पाहत असतो. तेव्हा पाठ बरी होईल ही आशा होता होईल तो बाजूला ठेवून, आणि आमच्या डॉक्टरांची संमती घेऊन, आम्ही बारा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज केला. वरिष्ठांनी कारण वाचले, आमच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पाठीच्या दुखण्याला दहा दिवस मांडी घालून बसणे हा उपाय आम्ही प्रथमच ऐकतो आहोत." रजा मात्र त्यांनी मंजूर केली.

येलहंक्याहून तुमकूर रस्त्याच्या बाजूस गेले म्हणजे अलूर गावानजीक 'धम्म पफुल्ल' हे केंद्र लागते. तेथील दिनक्रम अशा सर्वच केंद्रांचा असतो तोच: पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, अकराला जेवण, सायंकाळी पाचला नवागतांना फळे व चहा, रात्री प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन. शुल्क नाही, शिबिर संपल्यावर ज्याला जे द्यावेसे वाटेल ते दान. पहिले साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष ठेवायचे आणि चौथ्या दिवशी विपश्यना. विपश्यना म्हणजे डोक्यापासून पायांच्या बोटांपर्यंत आणि परत, अंगाच्या प्रत्येक भागातील वेदना, मूळच्या पाली अर्थाने वेदना, क्रमाने जाणत जाणे. सुखद भेटली तर तिला बिलगायचे नाही, दुःखद भेटली तर तिला ढकलायचे नाही. आपली प्रकृती आधी सांगितली तर खुर्ची मिळते. आम्हांस ती पहिल्याच दिवशी मिळाली.

चौथ्या दिवसानंतर रोज तीन वेळा एकेक तास 'अधिष्ठाना'चे असतात. त्या तासात होता होईल तो हात, पाय वा डोळे न उघडण्याचा, न हलवण्याचा निश्चय करावयाचा. वाचताना हे सोपे वाटते. निरोगी माणसाचेही गुडघे त्या तासात बंड करतात. आमच्या पाठीचे तर विचारूच नका. पहिली वीस मिनिटे बरी गेली. मग ती तार तापली. प्रथम कमरेत, मग मांडीच्या मागे, मग पोटरीत. घाम फुटला. श्वास आखडला. दात आपोआप आवळले गेले. बालपणापासून आम्हांस ठाऊक असलेली दुखणे सोसण्याची एकमेव रीत तीच होती.

आम्ही आधी जबडा सैल सोडला. मग जिथे सर्वांत जास्त दुखत होते तिथे लक्ष नेले आणि आजीची शब्दावली बाहेर काढली. हे नेमके काय आहे? ठणका आहे का? आहे, पण कडेला. मध्यभागी ठणका नाही, तिथे उष्णता आहे. उष्णतेच्या खाली ओढ आहे. ओढ सतत नाही. ती येते, टिकते, सुटते आणि पुन्हा येते. पोटरीत मुंग्या आहेत आणि मुंग्यांच्या मधे, आश्चर्य म्हणजे, काहीही नसलेल्या मोकळ्या जागा आहेत. दुरून जे एकसंध, काळेकभिन्न, हलविता न येणारे असे 'दुखणे' वाटत होते, ते जवळून पाहता अनेक लहानसहान घडामोडींचा बाजार निघाला. त्यांतील एकही गोष्ट क्षणभर तशीच राहत नव्हती. आमच्या कचेरीत आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. त्या तासात आम्हांस प्रथमच कळले की दुखण्यालाही जावक वही असते. आम्ही आजवर तिची फक्त आवक लिहीत आलो होतो.

आणखी एक गोष्ट दिसली. या घडामोडींच्या बाजूला एक आवाज अखंड बोलत होता: 'पाय कायमचा गेला तर? पन्नाशीला काय होईल? बदली झाली तर सामान कोण उचलणार? हे आपल्याच नशिबी का?' हा आवाज पोटरीत नव्हता. तो घशाजवळ आवळल्यासारखा आणि पोटात खड्डा पडल्यासारखा जाणवत होता. सरकारी धारिकेत एका बाजूला टिपणी असते आणि तिच्याखाली साहेबांचा शेरा. टिपणीत वस्तुस्थिती असते: अमुक कागद अमुक तारखेस आला. शेऱ्यात मत असते, आणि पुढे सारा कारभार त्या शेऱ्यावर चालतो. आमच्या पाठीची टिपणी चार ओळींची होती. तिच्यावर आम्ही लिहिलेल्या शेऱ्यांनी मात्र दोन वर्षांत धारिकेचे बाड केले होते. दुसरा बाण म्हणतात तो हाच. तासाच्या अखेरीस मंगल पठण झाले तेव्हा दुखणे होतेच. पण आवाज थोडा वेळ थांबला होता, आणि तो थांबलेला असताना जे उरले होते ते सोसण्याजोगे होते.

येथे लेख संपवला असता तर गोष्ट फार गोड झाली असती. परंतु सातव्या दिवशी डाव्या पायाच्या अंगठ्यात बधिरपणा जाणवू लागला. ही कळ नव्हती, मुंग्याही नव्हत्या. तिथले काही जाणवेनासेच झाले होते. आम्ही त्याच क्षणी उठलो आणि सहायक आचार्यांकडे गेलो. डॉक्टरांनी आम्हांस निक्षून सांगितले होते की दुखले तर धीर धरा, पण पाय बधिर झाला, त्यातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक क्षणही थांबू नका. आचार्यांनी सर्व ऐकून घेतले, केंद्रातर्फे डॉक्टरांना दाखवण्याची व्यवस्था केली आणि पुढील तास खोलीत आडवे होऊन ध्यान करावयास सांगितले. रात्रीपर्यंत अंगठा पूर्ववत झाला. उरलेले दिवस आम्ही निम्मे बसून आणि निम्मे पडून काढले. त्यामुळे काही कमी पडल्याचे आम्हांस जाणवले नाही.

बौद्ध परंपरेत याविषयी एकमत आहे असे समजण्याचे कारण नाही. ब्रह्मदेशातील सुनलुन सयाडो यांच्या पद्धतीत तीव्र वेदना हेच ध्यानाचे मुख्य आलंबन मानून ती न हलता शेवटपर्यंत पाहावयास सांगतात. महासी सयाडो यांच्या पद्धतीत असह्य झाले तर हालावे, पण हालण्याची इच्छा, हालणे आणि हालल्यावरचा आराम या साऱ्याची नोंद ठेवीत हालावे, असे आहे. या वादात आमच्यासारख्याने पडू नये. पण दीघनिकायात एक प्रसंग आहे, तो आमच्या पाठीला फार आपला वाटतो. पावा नगरीच्या मल्लांनी नवे सभागृह बांधले होते. बुद्धांनी तेथे रात्री उशिरापर्यंत उपदेश केला. मल्ल गेल्यावर संघ ऐकण्यास अजून उत्सुक होता. तेव्हा त्यांनी सारिपुत्तांना सांगितले की तुम्ही बोला, माझी पाठ दुखते आहे, मी ती जरा लांब करतो. आणि संघाटीची चौघडी घालून ते उजव्या कुशीवर आडवे झाले. सारिपुत्तांनी त्या रात्री जे सांगितले, तेच 'संगीतिसुत्त'.

आम्ही या प्रसंगाशी पुष्कळ वेळ थांबलो. सहा वर्षे देहदंड करून तो व्यर्थ म्हणून सोडून देणाऱ्या पुरुषाने पाठ दुखली तेव्हा 'मी सहन करतो आहे, पाहा' असे दाखवले नाही. लाजही बाळगली नाही. पाठ दुखते हे चारचौघांत साध्या शब्दांत सांगितले, काम दुसऱ्यावर सोपवले आणि पाठ टेकली. वेदनेवर शेरा न मारणे म्हणजे काय, हे आम्हांस त्या एका तासाच्या अधिष्ठानापेक्षाही या प्रसंगाने अधिक शिकवले.

आधुनिक शास्त्र या बाबतीत काय म्हणते, हेही पाहण्याजोगे आहे. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या स्वीकारली, तीतच ती शारीरिक जाणीव आणि भावना अशी दुपदरी मानलेली आहे. २०२० च्या सुधारित व्याख्येतही हे दोन पदर कायम आहेत. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याच्या रोग्यांना ध्यान शिकवण्यास आरंभ केला. १९८२ साली त्यांनी अशा ५१ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांनंतर त्यांतील ६५ टक्के रोग्यांच्या वेदनेच्या मोजमापात एक तृतीयांश वा अधिक घट आढळली, आणि ते मोजमाप वर सांगितलेल्या मेल्झॅकच्या प्रश्नावलीवरच आधारलेले होते. २०११ साली फादेल झैदान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ निरोगी माणसांना चार दिवस ध्यान शिकवून पायाला उष्णतेचा चटका दिला. ध्यानात असताना दुखण्याची तीव्रता सरासरी ४० टक्के कमी वाटली, तर त्याचा नकोसेपणा ५७ टक्के कमी वाटला. या दोन आकड्यांतील अंतर आम्हांस लक्षणीय वाटते. पहिला बाण थोडा बोथट झाला, दुसरा त्याहून अधिक. अर्थात पंधरा माणसे ही फार लहान संख्या आहे आणि प्रयोगशाळेतला चटका म्हणजे वर्षानुवर्षांची पाठ नव्हे. चकती जागेवर बसवण्याचे सामर्थ्य ध्यानात आहे, असे यांपैकी कोणीही म्हटलेले नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. आपल्या घरांत 'सोसणे' या शब्दाला फार मान आहे. तो मान बहुधा घरातील स्त्रियांच्या खर्चाने दिला गेलेला असतो. आमच्या मागच्या पिढीतील किती तरी बायकांनी कंबरदुखी, पोटातली कळ आणि त्याहून वाईट गोष्टी 'चालायचेच' म्हणून गिळल्या. त्यांना कोणी डॉक्टरकडे नेले नाही. असे गिळणे म्हणजे वेदनेचे दर्शन नव्हे. तीत न पाहण्याची सक्ती होती. तेव्हा कण्हणाऱ्या माणसाला 'समभाव ठेव' असे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही. हा उपदेश मनुष्याने फक्त स्वतःला करावा. दुसऱ्यासाठी गरम पाण्याची पिशवी आणावी आणि गाडी बोलवावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हेच सूत्र समाजाला लावले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्या काळात ते स्वतः मधुमेहाने व पायांच्या दुखण्याने गांजलेले होते आणि तशा अवस्थेतच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा करीत होते. त्यांच्या महानिर्वाणानंतर १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाकडे त्यांनी त्यात विशेष लक्ष वेधले आहे. असे दुःख मांडी घालून पाहत बसण्यासाठी नसते, ते दूर करण्यासाठी असते. चकती सरकली त्यात कोणाचा अन्याय नाही, म्हणून तिच्याकडे आम्ही पाहत बसू शकतो. परंतु जिथे बाण मारणारा समोर उभा आहे तिथे आधी त्याचा हात धरला पाहिजे. कोणते दुःख पाहायचे, कोणते डॉक्टरांना दाखवायचे आणि कोणाविरुद्ध उभे राहायचे, हा विवेक धम्माच्या बाहेरचा नसून त्याचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.

येलहंक्यात आम्ही रोज पहाटे अर्धा तास खुर्चीवर बसतो. हे गाव बेंगळुरूपेक्षा जुने. १५३७ साली बेंगळुरूचा किल्ला बांधणारे केंपेगौडा येथलेच नाडप्रभू. पुढे त्याच बेंगळुरूत शहाजीराजांचा मुक्काम पडला, म्हणून येथे आम्ही स्वतःला अगदीच उपरे समजत नाही. आता मात्र येथे रेल्वेच्या चाकांचा कारखाना आहे आणि वायुदलाचा तळ आहे. ध्यानाला बसावे आणि डोक्यावरून विमान जावे, हे येथे नेहमीचे. आवाज दुरून येतो, वाढतो, खिडक्यांची तावदाने हलवतो आणि विरत जातो. त्यावर कोणी शेरा मारत नाही, कारण विमान आपले नाही हे सर्वांना ठाऊक असते. पाठीतली कळ आपली वाटते म्हणून तिच्यावर शेरे पडतात. पण तिचीही चाल तीच आहे: येते, वाढते, हलवते, जाते. काही दिवशी हे दिसते. काही दिवशी नुसतेच दुखते, आणि आम्ही उठून गोळी घेतो.

दुखणे किती कमी झाले, असे कचेरीतील मंडळी विचारतात. खरे उत्तर असे की फारसे नाही. थंडीत ते वाढते, लांबच्या प्रवासात वाढते, वर्षअखेरीच्या हिशेबांच्या दिवसांत तर हमखास वाढते. बदलले ते एवढेच की संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही दारातच सांगतो: "आज पाठ दुखते आहे, मी थोडा वेळ आडवा होतो." पूर्वी हे एक वाक्य न बोलण्यासाठी आम्ही दहा वाक्ये रागाने बोलत होतो. मुलगी आपली उशी आणून शेजारी पडते आणि आपल्या शाळेतल्या कानडी गाण्याचे मराठीत अर्थ सांगते. अर्थ बहुतेक तिच्या मनाचे असतात. आम्ही उजव्या कुशीवर वळून ते ऐकत राहतो. बोलण्याचे काम तेवढा वेळ तिच्यावर सोपवलेले असते.